गुरुवारची ट्रायल

आमच्या रणजीतला एक वाईट खोड आहे. समोरचा गप्प बसला की याला वाटतं, त्याला पटलं. लहानपणापासूनचं आहे हे. शेवटची पुरणपोळी उचलायची असली की आधी मोठ्यानं विचारायचा, "कुणाला हवीय का?" आणि विचारायचा कधी, तर सगळ्यांच्या तोंडात घास असताना. कुणी बोललं नाही की पोळी याची. आता केस पांढरे व्हायला लागले, कंपनीत सगळे 'सर' म्हणतात, पण पोळी उचलायची पद्धत तीच.

चाकणला आमची रबराची कंपनी आहे. गाड्यांना लागणारी रबरी टोपणं, वायसर असलं काहीबाही तिथं बनतं. ह्यांनी आमच्याच वावरात पत्र्याची शेड टाकून, रबर तापवून साच्यात दाबणारी पहिली प्रेस लावली, तेव्हा सगळे भाऊबंद हसले होते. प्रेसमधून निघालेल्या तुकड्याला कडेनं जास्तीचं रबर चिकटलेलं असतं, ते पातीनं कापून काढावं लागतं. ते कापायला तेव्हा दोनच बाया होत्या. एक मी आणि दुसरी तानुबाई. सकाळी मी तिला रामराम म्हणायची, ती मला जयभीम म्हणायची, आणि मग दिवसभर आम्ही दोघी मिळून गावातल्या एकेकीची कातडी सोलायचो. बोटं रबरावर आणि जिभा गावावर.

हे गेले. जमीन माझ्या नावावर आहे, विजेचं मीटरही माझ्याच नावावर. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. सही करते, पण वाचल्याशिवाय करत नाही, आणि वाचायला मला वेळ लागतो. ज्याला घाई असेल त्यानं दुसरी आई बघावी.

तर झालं असं. कंपनीनं वीज मंडळाला आधी सांगून ठेवायचं असतं की आम्हाला एका वेळी एवढी वीज लागणार. त्याच्यावर गेलं की दंड. आमच्या प्रेसना विजेचे हीटर आहेत. सगळ्या एकदम तापायला लागल्या की आमचं हमखास वर जायचं आणि रणजीत घरी येऊन ताटावर चिडचिड करायचा. मग त्यानं ठरवलं की विजेवर नजर ठेवणारं यंत्र बसवायचं. वापर हद्दीजवळ गेला की ते यंत्र आपल्याआपण काहीतरी थोडा वेळ बंद करतं, आणि खाली आलं की परत चालू करतं. मला यात काही वावगं वाटलं नाही. घरात गिझर चालू असला की आपणही इस्त्री थांबवतोच की.

यंत्र विकायला दोघं आले.

आधी पूनम आली. राजगुरुनगरची पोरगी, इंजिनिअर. आली तशी सरळ शॉपमध्ये, म्हणजे प्रेस चालतात तिथं घुसली, प्रेसच्या मागं गेली, पॅनल उघडून बघितलं, आणि मग आमच्या ट्रिमिंगच्या, म्हणजे रबर कापायच्या शेडात येऊन उभी राहिली. तिथं गरम तुकडे क्रेटमधून येतात आणि गार होईपर्यंत त्यांचा उग्र वास सुटतो. बाहेर ट्रकांच्या रस्त्याची धूळ, म्हणून दार कायम बंद. भिंतीत वर मोठा पंखा आहे, तो आतली हवा बाहेर फेकतो. पूनमला सटासट शिंका आल्या.

"आजी, तुम्ही पण इथं बसता?"

"आजी कुणाला म्हणती गं? आक्का म्हण. बसायची पूर्वी. आता नुसती सगळ्यांच्या डोक्यावर बसती."

बाया खिदळल्या. पूनमही हसली, पण तिची नजर वरच्या पंख्यावर होती.

तिनं रणजीतला सांगितलं, "सर, प्रेसचा तवा जाड लोखंडाचा आहे. हीटर थोडा वेळ बंद राहिला तरी तो गार पडत नाही. आपण सगळ्या प्रेसना पाळीनं विसावा देऊ. एकीचा हीटर बंद, मग दुसरीचा. मालाला धक्का लागणार नाही."

पाळी म्हटल्यावर मला पोरगी आवडलीच. आमच्या विहिरीवर चार भावांची पाळी होती. मोटर सुरू झाली की पहिलं पाणी ज्याचं वावर सगळ्यात लांब त्याला. विहिरीला खेटून ज्याचं रान, त्याचा नंबर शेवटी. जवळच्याला पाटाची ओल तरी मिळते, लांबच्याला कोण विचारणार? भांडणं व्हायची, डोकी फुटायची, पण हा क्रम कुणी मोडला नाही.

रणजीत म्हणाला, "प्रेसला हात लावायचा नाही. प्रॉडक्शन आहे ते."

"प्रॉडक्शन थांबणार नाही सर. मी चालवून दाखवते."

"बसवायला किती दिवस?"

"प्रत्येक प्रेसपर्यंत वेगळी वायर न्यावी लागेल. तीन-चार गुरुवार द्या मला."

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. जे काही दुरुस्तीचं काम, ते गुरुवारी.

"तीन-चार गुरुवार?" रणजीत खुर्चीतून अर्धा उठला. "अहो मॅडम, कस्टमरचं ऑडिट तोंडावर आलंय माझं. त्यांना रिसेप्शनमध्ये स्क्रीनवर सिस्टिम चालू दिसली पाहिजे."

पूनमनं बॅग उचलली. जाताना मला म्हणाली, "आक्का, येते." मी म्हटलं, "ये." मला वाटलं होतं ती येईलच.

मग आला रविराज. रहाटणीला त्याचं ऑफिस. बुटाला अशी चकाकी की आमच्या शॉपच्या दारातूनच मागं फिरले ते बूट. मेन पॅनल लांबून बघितलं आणि रणजीतच्या केबिनमध्ये एसीखाली जाऊन बसला. "सर, एका गुरुवारात बसवतो. तुम्ही फक्त सांगा, कमी महत्त्वाचं काय आहे. बाकी सिस्टिम बघून घेईल." रणजीतनं तिथल्या तिथं फोनवर बोटं मारून सांगून टाकलं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. असतं तर रविराजचे बूट त्याच दिवशी धुळीत गेले असते.

गुरुवारी यंत्र बसलं आणि लगेच ट्रायल. रणजीतनं चार ओळखीचे कारखानदार बोलावले, पेढे आणले. नारळ फोडायला मी. नवी साडी नेसून मी त्या पॅनलपुढं उभी राहिले, हळदीकुंकू लावलं, माझ्या हातानं नारळ फोडला. ओव्हरटाइमवर बोलावलेल्या दोघा पोरांनी सगळ्या प्रेसचे हीटर एकदम चालू केले. स्क्रीनवरची रेघ वर चढत गेली, वर गेली, आणि हद्दीपाशी येऊन गुमान खाली वळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंस आई?" रणजीतनं माझ्या खांद्याला धरलं. "काही बंद पडलेलं जाणवलं तुला?"

"न्हाई बा."

"कुणालाच काही जाणवलं नाही! कुणाची तक्रार आहे का? बोला, आत्ताच बोला."

कुणी बोललं नाही. सगळ्यांच्या तोंडात पेढा होता.

आणि ट्रिमिंगच्या शेडला कुलूप होतं, आतले पंखे ट्रायलपुरते रिकामेच चालू ठेवलेले. गुरुवारच तो. कुलपाला कधी घाम येतो का?

शुक्रवारी दुपारी मी घरी पडले होते. आमचं घर कंपनीच्या मागंच आहे. बायांचा गलका ऐकू आला तशी मी अनवाणी धावले. तानुबाई शेडच्या पायरीवर आडवी. तिची सून पिंकी खोक्याचा पुठ्ठा फाडून वारा घालत होती. तानुबाईच्या मुठीत पाती अजून तशीच होती.

"काय झालं गं?"

"आक्का, सकाळपास्नं पंखे सारखे जात्यात," पिंकी रडत होती आणि चिडलेलीही होती. "लाइट असतीय, प्रेस धडाधड चालू असत्यात, आमचंच तेवढं जातं. वरचा मोठा पंखापण. आत नुसता धूर कोंडतोय. सासूबाई म्हणल्या डोळ्यापुढं अंधारी आली, आणि खाली."

"वायरमनला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं की. तो म्हणतो बिघाड न्हाई. नवीन सिस्टिमच करतीय. आमाला कमी महत्त्वाचं म्हणून टाकलंय म्हणं त्यात."

 मी तिथूनच रणजीतच्या नावानं हाक मारली, ती हमरस्त्याला गेली असेल.

तानुबाईनं एक डोळा उघडला. "छबू, वरडू नगंस. माझं डोस्कं दुखतंय."

एवढ्यात रणजीत आला. खाली वाकून बघितलं, पण गुडघा टेकला नाही, पँटीला धूळ लागते. "मावशी, बीपीची गोळी घेतली होती का सकाळी? उपास वगैरे नव्हता ना?"

पिंकी म्हणाली, "सर, पंखा—"

"पंखा पाच मिनिटं जातो पिंकी. पाच मिनिटांत कुणी चक्कर येऊन पडतं का? वय झालंय त्यांचं." मग माझ्याकडं वळून, सगळ्यांसमोर, अगदी मायेच्या आवाजात, "आई, मावशींनी आता आराम करावा. किती वर्षं राबायचं? मी एचआरला सांगतो. मावशी, उद्यापासून यायचं नाही बरं का. घरी बसून टीव्ही बघायचा."

तानुबाई उठून बसली. त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तोंडातून अक्षर काढलं नाही. पाती पिंकीच्या हातात दिली, डबा फडक्यात बांधला आणि पिंकीच्या खांद्यावर हात ठेवून गेटच्या दिशेनं निघाली. जिच्या हाताखाली मी पाती धरायला शिकले, ती बाई अशी निघाली, जशी चुकून दुसऱ्याच्या दारात आली होती.

रणजीत म्हणाला, "बघ, त्यांनाही पटलं."

मी काही बोलले नाही. माझ्या तोंडात पेढा नव्हता. पण तिथं बाया होत्या, आणि पोटच्या पोराला तिथं हाणलं असतं तर हात थांबला नसता.

घरी येऊन मी मंजुषाला धरलं. मंजुषा माझी सून, कंपनीचा हिशेब तीच बघते. "तुला ठाऊक होतं?"

ती भांडी लावता लावता थांबली. "आई, मी बोलले होते. म्हटलं, अहो, त्या शेडात बायका बसतात, तिथले पंखे कशाला टाकता? तर म्हणाले, तिथून आजवर एक तरी तक्रार आलीय का?"

"आणि त्याची केबिन? तिथला एसी?"

"ते महत्त्वाचं."

"पावण्यांच्या खोलीचा?"

"तेही."

"ती रिसेप्शनमधली टीव्हीची पाटी?"

मंजुषा खाली बघून हसली. हसू आवरत नव्हतं तिला. "आई, ती तर सगळ्यात महत्त्वाची."

शनिवारी सकाळी रविराज कागद घेऊन आला. ट्रायल झाली, आता खरेदी पक्की करायची. मीटर माझ्या नावावर, म्हणून सही माझी. मला केबिनमध्ये बोलावलं. आत असा गारठा, की तिथं दही लागलं नसतं.

"आई, इथं, या रेघेवर," रणजीतनं पेन पुढं केलं.

मी कागद डोळ्यांपुढं धरला, परत ठेवला. "ट्रायल कुठं झाली?"

"गुरुवारी झाली की! तूच तर नारळ फोडलास."

"माझा नारळ वाया गेला. गुरुवारी माणसं न्हवती."

रविराज गोड हसला. "आक्का, सिस्टिमला माणसं असली काय, नसली काय, सारखंच."

"तेच म्हणती मी. उठा दोघं. आज शनिवार हाय, माणसं आल्यात. आता घिऊ ट्रायल."

"आई, काय नाटक आहे हे? लोक बघतायत."

"बघू दे. तू परवा लोकं बोलवून पेढे वाटलेस, तवा न्हाई लाजला."

मी पुढं, हे दोघं मागं. शेडात गेले. तानुबाईचा स्टूल मोकळाच होता, भिंतीकडेला, क्रेटच्या अगदी जवळ. मी रणजीतला त्याच्यावर बसवलं आणि हातात पाती दिली. रविराजला दुसरा स्टूल ओढून दिला.

"बसा रविराजराव. पावणे हाय तुमी."

"नाही, मी उभाच बरा—"

"बसा म्हणती ना."

बसला. बायांच्या पात्या चालूच होत्या, पण नजरा सगळ्या याच दोघांवर. शॉपमधून गरम तुकड्यांचा क्रेट आला आणि रणजीतच्या पायाशी ठेवला गेला. त्यानं एक तुकडा उचलला, चटका बसला तसा टाकला. पलीकडून कुणीतरी हळूच म्हणालं, "फुंकर मारा सर." हसण्याची एक लाट आली आणि दबली.

आणि पंखे थांबले. आधी डोक्यावरचे, मग भिंतीतला मोठा, गिरक्या घेत घेत. शेजारी प्रेस चालूच होत्या, त्यांचा आवाज आता जास्तच मोठा झाला. वास आधी नाकात येतो, मग घशात उतरतो, मग डोळ्यांत. मला माहीत आहे तो. पण माझ्या वेळी शेडला दारच नव्हतं, चारी बाजूंनी वारा होता.

रणजीतनं फोन काढला. "आत्ता येईल. दोन मिनिटं."

एकीनं पदर नाकाला लावला.

"आलंच," तो परत म्हणाला. कपाळावरचा घाम कानामागून कॉलरमध्ये उतरला. खोकला आला. रविराजनं रुमाल तोंडाला लावला, उठला आणि दाराकडं निघाला. दाराला पाठ लावून पिंकी उभी होती.

"दार उघडायचं न्हाई सर. धूळ येती मालावर. ही बघा पाटी, सरांनीच लावलीय."

"अहो बाई, मला श्वास—"

"पाचच मिनिटांचा प्रश्न हाय सर."

बाया आता मोकळ्या हसल्या. रणजीत हसला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला बाही वर केली तर बाहीलाही रबराची काजळी. फोन दुसऱ्या हातात होता. मी वाकून बघितलं. त्यावर हिरवा गोल होता आणि खाली इंग्रजीत काहीतरी.

"काय लिवलंय रं?"

त्यानं अंगठ्यानं ते झाकलं.

"वाच की. मला इंग्रजी येत न्हाई, तुला येती. शिकवलंय तुला."

"सगळं सुरळीत आहे," तो खोकत म्हणाला, "असं लिहिलंय." मग घाईघाईनं, "आई, मी एक सेटिंग बदलतो. यांचा वेळ कमी करू. पाचऐवजी तीन मिनिटं. चालेल? कुणाला काही अडचण आहे का? बोला."

त्यानं शेडभर नजर फिरवली. बाया रबर कापत होत्या. एकीनंही मान वर केली नाही. आणि मी बघितलं, माझ्या डोळ्यांनी बघितलं, डोळ्यांतून पाणी गळत असतानाही त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं समाधान यायला लागलं. कुणी बोललं नाही. म्हणजे पटलं.

तेव्हा मात्र माझं डोकं गेलं. रविराजच्या काखेतला कागद मी ओढून घेतला, क्रेटमधल्या गरम मालावर ठेवला आणि त्याच्यावर माझा हात ठेवला. चटका बसला. बसू दे म्हटलं.

"रणजीत, ऊठ न्हाई म्हणलं अजून, बस खाली. यंत्राचा दोष न्हाई. यंत्रानं तुला इचारलं, कमी महत्त्वाचं कोण? आणि तू ह्या बायांकडं बोट दाखवलंस. ज्या हातांनी कापलेल्या रबरावर तू शाळा शिकलास, त्या हातांकडं. ह्या कागदावर माझी सही व्हायची न्हाई. पूनमला फोन लाव आणि तिला लागतील तेवढे गुरुवार दे. तवर वीज वर जायला लागली की पहिली तुझी केबिन बंद, मग पावण्यांची खोली, मग तो रिसेप्शनमधला टीव्ही. तरी न्हाई भागलं तर एकेका प्रेसला विसावा. आणि ह्या शेडाचा पंखा ह्या मीटरवर मी जित्ती असंस्तवर बंद पडायचा न्हाई. ऑडिटवाले आले की त्यांना हितं बसव, हितंच चहा पाज. आता ऊठ, आणि तानुबाईच्या घरी जा. फोन करायचा न्हाई, ड्रायव्हर पाठवायचा न्हाई, ह्याच कपड्यांनी जायचं. आणि ऐकून ठेव, ती गप बसंल. ती बोलायचीच न्हाई तुझ्याशी. तर ती गप बसली म्हणून उठून यायचं न्हाई. ती तिच्या तोंडानं 'व्हय, येते' म्हणस्तवर तिच्या उंबऱ्यावर बसायचं. दिवस मावळला तरी बसायचं."